कार्डाला लावलेलं कुंकू

माझा धंदा घरांची तोंडं काढण्याचा आहे. म्हणजे जालन्यात किंवा आजूबाजूच्या गावात कुणी घर बांधायला काढलं, की ते पुरं झाल्यावर समोरून कसं दिसेल, ते मी कॉम्प्युटरवर काढून देतो. इंजिनिअर त्याला एलिव्हेशन म्हणतात, बाकी सगळे थ्रीडी म्हणतात. खांबाला कोणता दगड, गॅलरीला काच की जाळी, गेटला कोणता रंग, दारात एक तुळस आणि एक पांढरी मोटार. ज्याच्या घरी सायकलही नाही त्यालाही चित्रात मोटार लागते. मी ती न मागताच घालतो.

जालन्यातच, मस्तगडात आमचं तीन खोल्यांचं घर आहे, एकापाठोपाठ एक. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसतं, मधल्या खोलीत मी काम करतो आणि मागे स्वयंपाकघर. त्यामुळे मी गिऱ्हाइकाशी काय बोलतो, फोनवर कुणाला झाडतो, कॉम्प्युटरला कसल्या शिव्या देतो, हे सगळं आईला ऐकू येतं. माझा राग नाकावर असतो हे गल्लीला ठाऊक आहे. आईला तर जन्मापासून ठाऊक आहे. ती म्हणायची, दूध उतू जातं तसा आहेस, गॅस बंद करायला कुणीतरी पाहिजे.

वडील जाऊन पाच वर्षं झाली. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. नोकरीची शेवटची तीन वर्षं उरली असताना त्यांनी हौसेनं नवी मोटारसायकल घेतली. गाडी दारात आली तेव्हा आईनं तिच्या दिव्यावर हळदीकुंकवानं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. महिन्याभरात अंबड रस्त्यावर त्याच गाडीवर ते गेले.

दहाव्याला घर माणसांनी भरलेलं होतं. वडिलांच्या नात्यातली एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, आणि हळू म्हणाली असंही नाही, "हिनंच केल्ती ना गाडीची पूजा? हिचा हात लागला अन् संपलं." आई समोरच होती. मी त्या म्हातारीला दंडाला धरून उठवलं आणि बाहेरच्या पायरीपर्यंत नेऊन सोडलं. सगळे नातेवाईक मला बोलले. वयाचा तरी मान ठेवायचा, म्हणाले. मी कुणाचं ऐकलं नाही आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

पण वाक्य घरातच राहिलं. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईनं हळदीकुंकवाला हात लावायचा नाही, ही रीत आमच्याकडे आहेच, आणि ती सगळीकडे सारखी पाळली जाते असंही नाही. आईनं मात्र ती रीत दुप्पट करून पाळली. घरात मिक्सर आला, तिनं शेजारच्या काकूंना बोलावलं. माझं लग्न झालं, ती मांडवात मागच्या खुर्चीवर बसली. सूनबाईनं माप ओलांडायच्या वेळी ती स्वयंपाकघरात पापड तळत होती. मी चिडायचो. "आई, तू न्हाई तर कोण करणार?" म्हणायचो. ती म्हणायची, "काकूच्या हातात काय कमी हाय का?"

माझी बायको माझ्यापेक्षा शहाणी. तिनं कधी वाद घातला नाही. ती आईच्या हातात गुपचूप कामं द्यायची. कुंडीत नवं रोप लावायचं, तर "आई, माझे हात भरलेत, तेवढं खोचता का," म्हणायची. नव्या पातेल्यात पहिलं दूध आईला तापवायला लावायची. रोप जगलं की मुद्दाम मोठ्यानं सांगायची. असं करत करत दोन वर्षांत आई बरीच पुढे आली होती. सातव्या महिन्यात बायको बाळंतपणाला माहेरी, धावड्याला गेली, तेव्हा निघताना ती आईला म्हणाली, "आता घरात बाईमाणूस तुम्हीच. सणवार तुमच्या हातानं होऊ द्या." आईनं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कळलं नाही.

त्याच दिवसांत मी ग्राफिक कार्ड मागवलं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर घराचं एक चित्र तयार व्हायला अख्खी दुपार जायची, आणि मध्येच तो अडकून बसायचा. चित्राचं काम एकट्यानं उचलणारं हे कार्ड असतं. वीटभर आकाराचं, पुढून दोन पंखे, आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची एक पट्टी. ही पट्टी कॉम्प्युटरच्या आतल्या खाचेत दाबून बसवायची. बोलणं, घेणं, देणं सगळं त्या दातांतून चालतं.

पार्सल सकाळी आलं. मी खोका फोडला, कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवलं, आणि तेवढ्यात एका ठिकाणी माप घ्यायला जावं लागलं. चपला घालता घालता मी आत बघून म्हणालो, "आई, नवीन कार्ड आलंय. कुंकू लाव त्याला. तुझ्या हातानं." घरात काहीही नवं आलं की मी हे म्हणायचोच, अगदी गॅसची नळी आली तरी. तीही हसून सोडून द्यायची. म्हणून मी बोललो आणि विसरलो. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं होतं.

परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि पुढच्या खोलीत माणसं बसली होती. तीर्थपुरीचं जोडपं, दोघंही शिक्षक. दोघांनी मिळून आयुष्यातलं पहिलं घर बांधायला काढलं होतं आणि ते कसं दिसेल ते बघायला शाळेला सुट्टी टाकून आले होते. आईनं त्यांना चहा दिला होता. मी म्हणालो, "दहा मिनिटं द्या सर. नवीन कार्ड टाकतो, मंग तुम्हाला घर फिरवून दाखवतो. चारी बाजूंनी." मला मिरवायचं होतं. त्यांनाही हौस वाटली, ते उठून मधल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

मी कॉम्प्युटरची बाजू उघडली, कार्ड कडांना धरून खाचेत बसवलं, कट्ट आवाज आला. विजेची तार जोडली. सगळं झाल्यावर मान वर केली तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात साखरेची वाटी होती. नवी वस्तू चालू झाली की साखर वाटायची, ही वडिलांची पद्धत होती. ते गेल्यापासून आमच्याकडे ती बंद होती. त्या दिवशी आई वाटी घेऊन का उभी आहे, याचा मी क्षणभरही विचार केला नाही. माझ्या पुढे गिऱ्हाईक होतं.

बटण दाबलं. कार्डाचे पंखे फिरले, आत दिवा लागला, आणि स्क्रीन काळाच राहिला. त्यावर एक ओळ आली, सिग्नल नाही, आणि तीही विझली.

पहिल्यांदा माणूस हसतो. मी हसलो, म्हणालो, होतं असं. मग बंद करून पुन्हा चालू केलं. काळा. वायर स्क्रीनच्या बाजूनं काढून पुन्हा खोचली. काळा. आतली मेमरीची पट्टी काढली, पुसली, बसवली. आतल्या मुख्य बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटं बाहेर ठेवला, परत घातला. काळा. मग नवं कार्ड काढून ठेवलं आणि तसंच चालू केलं, तर स्क्रीन लख्ख लागला. कार्ड घातलं की काळा, काढलं की लख्ख. तीनदा करून पाहिलं. आता कुणीही म्हणेल की दोष कार्डाचाच. मीही म्हणालो. दहा मिनिटांचा तास झाला होता. दारातले मास्तर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, आणि त्यांच्या बायकोनं घड्याळ बघितलेलं मी बघितलं.

मी कार्ड घेऊन खिडकीशी गेलो आणि उजेडात उलटं केलं. मागच्या बाजूनं, सोनेरी दातांच्या बरोबर मधोमध, हळदीचं बोट होतं आणि त्यावर कुंकवाचं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "हे काय लावलं?" मी विचारलं.

"कुंकू," आई म्हणाली. "जरासंच. बाकी सगळं काळं व्हतं, पंखेच पंखे. तेवढीच जागा सोन्यावानी दिसली."

"इथं लावतात का? ह्याच्यातूनच सगळं चालतं ना. तास झाला मी मरून राह्यलो इथं. तुला काहून हात लावायचा व्हता?" मी थांबायला हवं होतं. मी तिथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण दारात दोन माणसं होती, आणि आपली चूक नाही हे त्यांना दाखवायची मला घाई होती. मी म्हणालो, "तुझा हात लागला अन् संपलं."

मला ते बोलताना कळलं नाही. बोलून झाल्यावरही कळलं नाही. आईचा चेहरा बघून कळलं. पाच वर्षांपूर्वी जे बोलली म्हणून मी एका म्हातारीला घराबाहेर काढलं होतं, तेच शब्द, त्याच क्रमानं, मी बोललो होतो.

"चुकलं रे माझं," आई म्हणाली. साखरेची वाटी घेऊन ती आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला, साखर परत ओतल्याचा आवाज आला, झाकण लावल्याचा आवाज आला.

मी तिच्यामागे गेलो नाही. खोडरबर घेतला आणि ते दात घासत बसलो. खोडरबर लाल झाला. मग कापसाला स्पिरिट लावून पुसलं, फुंकर मारली, खाचेत बसवलं, बटण दाबलं.

काळा.

"राहू द्या सर," मास्तर म्हणाले. ते फार सभ्य माणूस. "आम्ही पुन्हा येऊ. काही बिघडत न्हाई." त्यांच्या बायको स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या.

मी बरं म्हणालो आणि प्लग काढायला कॉम्प्युटरच्या मागे वाकलो. तिथं मला दिसलं की स्क्रीनची वायर जुन्याच जागी आहे. कॉम्प्युटरच्या मागे वरच्या बाजूला बोर्डाची स्वतःची एक जागा असते, इतकी वर्षं वायर तिथंच होती. नवं कार्ड बसवलं की ती वायर तिथून काढून खाली कार्डात खोचायची असते, कारण कार्ड आत आलं की बोर्ड आपलं चित्र बंद करतो. कार्डाच्या तोंडावर कारखान्यातून आलेली काळी प्लास्टिकची टोपणंसुद्धा तशीच होती. ही चूक किती जणांना मी फोनवर समजावून सांगितली असेल आणि फोन ठेवल्यावर किती हसलो असेन.

टोपण काढलं, वायर खाली खोचली. स्क्रीन लागला.

मास्तरीणबाईंनी विचारलं, "काय झाल्तं?" मी म्हणालो, "काही न्हाई, छोटंसं व्हतं." मग मी त्यांना त्यांचं घर दाखवलं. घर सरकन फिरत होतं, कुठंही अडकत नव्हतं. मास्तरांना पायऱ्यांचा दगड आवडला. बाईंना स्वयंपाकघराची खिडकी मोठी पाहिजे होती, ती मी तिथल्या तिथं मोठी करून दिली. दोघं खूश होऊन गेले. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता.

जेवायला बसलो तेव्हा आईनं नेहमीसारखं वाढलं. भाकरी ताटात टाकताना तिनं विचारलं, "चालू झालं का?"

"झालं."

"कुंकू सगळं निघालं ना बराबर?"

मी म्हणालो, "हो."

त्या एका होची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. रागात बोललो ते बोललो, राग येतो माणसाला. पण हे मी शांतपणे, भाकरीचा तुकडा मोडताना म्हणालो. वायरचं सांगायचं म्हणजे मी मूर्ख ठरणार, आणि तिला उगाच बोललो हेही कबूल करावं लागणार. दोन्ही एकदम मला झेपलं नाही. मी मनाशी म्हटलं, सांगू दोन दिवसांनी. विसरेल ती.

ती रडली वगैरे नाही. अबोला धरला नाही. फक्त माझ्या खोलीत यायची बंद झाली. पूर्वी चहा आणून टेबलावर ठेवायची, वर दोन मिनिटं उभी राहून कुणाचं घर आहे, किती खोल्या आहेत, विचारायची. आता उंबऱ्यावर कप ठेवून हाक मारायची आणि मी उठेपर्यंत गेलेली असायची. बायकोनं तिच्याकडून लावून घेतलेल्या रोपांना मला पाणी घालायला सांगायला लागली. पाडव्याला गुढी मी उभारली. तिनं साखरेची गाठी, कडुलिंब, तांब्या सगळं ताटात मांडून दिलं, पण ताट ओट्यावर ठेवून, मला तिथून उचलायला लावून. हळदीकुंकवाचा करंडा देवघरात ठेवलेला असायचा, त्यातलं कुंकू लावायलाही काकूच यायच्या. काकूंना काय, त्या आनंदानं यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तुझ्या आईला काय झालं रे? सुधारून राह्यली होती." मी म्हणालो, वय झालंय. वय झालंय असं आपण किती गोष्टींवर टाकतो.

सांगायचं रोज ठरवत होतो. रोज काहीतरी काम निघायचं. नव्या कार्डामुळे काम दुपटीनं व्हायला लागलं होतं.

मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतर बायको तिला घेऊन घरी आली. बाळंतीण आणि लेकरू पहिल्यांदा दारात येतात तेव्हा त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, ओवाळतात. हे आजीचं काम. आमच्या दारात काकू उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून. आईनं त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं. बायकोनं गाडीतून उतरताना आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आई कुठंयत?" तिनं विचारलं. मी आत बोट दाखवलं.

सगळं झाल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "आई, घ्या तुमची नात." तिनं लेकरू पुढं केलं. आई दोन पावलं मागे सरली. मग तिनं पदर ओढून दोन्ही तळहातांवर घेतला, बोटाचं टोकसुद्धा बाहेर राहणार नाही असा, आणि त्या पदरावर मुलीला घेतलं. लेकरू झोपेतच होतं. आई त्याच्याकडे अशी बघत होती की मला दारात उभं राहवेना.

बायकोनं मला मधल्या खोलीत गाठलं. "काय झालंय आईंना?" मी सगळं सांगितलं. कार्ड, कुंकू, वायर, माझं वाक्य आणि जेवतानाचा हो. ती मला काही बोलेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "हे मला काय सांगता? त्यांना सांगायचं. तीन महिने काय करून राह्यले तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई डाळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि सांगितलं. "आई, त्या दिवशी तुझ्या कुंकवानं काही झालं नव्हतं. माझीच वायर चुकीच्या जागी होती. कुंकू पुसल्यावरही चालू झालंच नव्हतं. वायर बदलली तेव्हा झालं."

"बरं," ती म्हणाली. बोटं डाळीत चालूच होती.

"बरं काय? मी खरं सांगून राह्यलो."

"मंग त्याच दिवशी का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून बोलून राह्यलास तू. तुझ्या बायकोनं सांगितलं असंल. चांगली हाय ती."

खरं सांगायला उशीर केला, की ते खरं वाटत नाही, दया वाटते. हे मला तिथं कळलं, आणि पुन्हा माझं डोकं तापलं, कारण तापणं एवढंच मला येतं. मी म्हणालो, "ऊठ. दाखवतो." तिला हाताला धरून माझ्या खोलीत आणलं. ती उंबऱ्याच्या आत आली, तीन महिन्यांनी. बायको लेकराला घेऊन दारात उभी राहिली.

मी कॉम्प्युटर बंद केला, बाजू उघडली, कार्ड काढलं. देवघरातून करंडा आणला. बोट ओलं करून हळदीत बुडवलं आणि त्याच सोनेरी दातांवर, त्याच जागी, मागच्या बाजूनं टेकवलं. त्यावर कुंकू लावलं. तिनं लावलं होतं त्याच्या दुप्पट लावलं. "बघ, इथंच होतं ना?" ती म्हणाली, "हो, तिथंच." खरं तर मलाही खात्री नव्हती. मी त्या दिवशी आधी कुंकू पुसलं होतं आणि मग वायर बदलली होती, त्यामुळे कुंकवाचा दोष नव्हताच, हे मी तरी कुठं पडताळून पाहिलं होतं? कार्ड खाचेत दाबलं. कट्ट झालं. बटण दाबलं.

पंखे फिरले आणि स्क्रीन लागला. आदल्या दिवशीचं अर्धवट घर समोर आलं, अजून रंग न दिलेलं.

मला इतका आनंद झाला की मी बायकोकडे बघून हसलो. "बघितलं का? चालू झालं. कुंकू आत हाय, अन् चालू हाय. आता बोल."

आईनं स्क्रीनकडे बघितलं. तिनं वाकून कार्डाकडेही बघितलं, पंखे फिरत होते तिकडे. मग समजूत घालावी तसं, अगदी मायेनं म्हणाली, "कुंकू तेच हाय रे. हात तुझा हाय."

बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. मी घाईत दोन बदलल्या होत्या, वायर आणि हात, आणि ते मला दिसलंही नव्हतं. तिला दिसलं. ती चौथी शिकलेली आहे.

मी पुन्हा सगळं बंद केलं. कार्ड काढलं, पुसून लख्ख केलं. एका हातात कार्ड आणि दुसऱ्या हातात करंडा घेऊन दोन्ही तिच्यासमोर धरलं. "मंग तू लाव. आत्ता, आमच्यासमोर. तुझ्या हातानं." "आई, लाव ना. चालू होईलच. बिलकुल होईल."

तिचा उजवा हात थोडा उठला. मी बघितला, खोटं सांगत नाही. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि दारात उभ्या असलेल्या सुनेच्या हातातल्या लेकराकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "खरं निघालं तर? मंग हिला पदरावर बी घेता यायचं न्हाई मला."